दीर्घकालीन हेपॅटायटिस-बी आणि अल्पसाधन प्रयोगशाळा : चंदगड तालुक्याच्या संदर्भात

कोल्हापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकास चंदगड तालुका वसलेला आहे. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा व त्याच्या पायथ्याशी दोडामार्ग तालुका, पूर्वेस बेळगाव जिल्हा, आणि घाट उतरताच जवळ येणारी गोव्याची हद्द, अशी या भूभागाची मांडणी आहे. ताम्रपर्णी व घटप्रभा यांच्या खोऱ्यांत भात, नाचणी, ऊस, रताळी आणि काजू यांवर येथील कुटुंबांचा चरितार्थ चालतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातील चंदगड तालुका वेगळा काढून कोल्हापूर जिल्ह्यास जोडण्यात आला. सीमा बदलली, तथापि लोकांच्या वाटा फारशा बदलल्या नाहीत. जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून अधिक दूर, तर बेळगाव शहर सुमारे चाळीस किलोमीटरवर. यास्तव शासकीय कागद कोल्हापूरकडे जातो, आजारी माणूस पुष्कळदा बेळगावकडे जातो, आणि कामधंद्यासाठी घराबाहेर पडलेला तरुण गोव्यात किंवा मुंबईत असतो.

ज्या व्याधीत एकदाच वैद्याकडे जावे व बरे होऊन परतावे, तिच्या बाबतीत ही परिस्थिती गैरसोयीची असली तरी घातक ठरत नाही. परंतु हेपॅटायटिस-बी या विषाणूमुळे होणारा दीर्घकालीन यकृतदाह ही अशी व्याधी नव्हे. तीत रुग्णावर वीस-तीस वर्षे, कित्येकदा आयुष्यभर, लक्ष ठेवावे लागते. हे लक्ष ठेवण्यासाठी मोठ्या शहरांत जी साधने उपलब्ध असतात ती तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसतात. मग अशा ठिकाणी देखरेख अशक्यच मानावयाची, की उपलब्ध असलेल्या साध्या चाचण्यांतून ती पुरेशा विश्वासाने करता येते, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

व्याधीचे स्वरूप

अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तरसात एक अपरिचित प्रतिजन आढळला. १९६५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले व त्यास ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असे नाव पडले. हा प्रतिजन म्हणजे हेपॅटायटिस-बी विषाणूच्या बाह्य आवरणाचा अंश होय, हे पुढील संशोधनाने सिद्ध झाले. या कार्याबद्दल ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर ‘एचबीएसएजी’ म्हणून ज्याचा उल्लेख असतो तो हाच पृष्ठप्रतिजन. तो रक्तात सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकून राहिला, म्हणजे संसर्ग दीर्घकालीन झाला असे समजतात.

संसर्ग कोणत्या वयात झाला यावर पुढील सारे भवितव्य अवलंबून असते. प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभर व्यक्तींपैकी पाचांहूनही कमी व्यक्तींत तो कायम राहतो. जन्माच्या वेळी मातेकडून संसर्ग झालेल्या शंभर अर्भकांपैकी सुमारे नव्वदांत मात्र तो कायमचा ठाण मांडतो. बालकाच्या शरीराची प्रतिकारशक्ती या विषाणूस परका म्हणून ओळखत नाही, हे त्याचे कारण. विषाणूचे जनुकद्रव्य यकृतपेशींच्या केंद्रकात वलयाच्या रूपाने वस्ती करते, आणि आजची औषधे त्याची वाढ रोखू शकत असली तरी त्या वलयाचे उच्चाटन करू शकत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लक्ष व्यक्तींना हा दीर्घकालीन संसर्ग होता, त्यांपैकी सुमारे २ कोटी ९८ लक्ष भारतात होत्या, आणि त्या एका वर्षात जगातील सुमारे ११ लक्ष मृत्यू या विषाणूमुळे घडले. संसर्ग झालेल्यांपैकी ज्यांना आपल्या स्थितीची जाणीव होती त्यांचे प्रमाण शेकडा १३ इतकेच होते.

ही जाणीव नसण्याचे कारण व्याधीच्या स्वभावातच आहे. ग्रामीण भागात यकृताचा विकार म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे पिवळे डोळे, अशी समजूत रूढ आहे. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळात गळ्यात माळ घातली किंवा मंतरलेले औषध घेतले असेल, तर गुणाचे श्रेय त्या उपायास मिळते. दीर्घकालीन हेपॅटायटिस-बी मध्ये मात्र डोळे पिवळे होत नाहीत, भूक मंदावत नाही, शेतीकामात खंड पडत नाही. यकृताचा दाह आत धुमसत राहतो, निरोगी पेशींच्या जागी तंतूंचे जाळे वाढते, आणि शेवटी यकृत कठीण व गाठाळ होते. या अवस्थेस सिऱ्होसिस म्हणतात. तीतून जलोदर, रक्ताची उलटी किंवा यकृताचा कर्करोग उद्‌भवू शकतो. कावीळ दिसू लागते ती कित्येकदा याच शेवटच्या टप्प्यात.

देखरेख कशासाठी

येथे एक शंका साहजिक आहे. संसर्ग आढळला की लगेच औषध का देऊ नये? याचे उत्तर असे की, विषाणू आणि शरीर यांचा संबंध सर्व काळ सारखा राहत नाही. बालपणापासून संसर्ग असलेल्या व्यक्तीत प्रथम विषाणू भरपूर, पण दाह जवळजवळ नाही, अशी अवस्था असते. पुढे केव्हातरी प्रतिकारशक्ती जागी होते व यकृतपेशींवर आघात सुरू होतो. त्यानंतर विषाणू नमला तर दीर्घ शांततेचा काळ येतो. परंतु ती शांतता भंग होऊन दाह पुन्हा उसळू शकतो. शांत अवस्थेतील अनेकांना औषधाची गरज नसते. एकदा सुरू केलेले औषध मात्र बहुधा वर्षानुवर्षे, प्रायः जन्मभर घ्यावे लागते. म्हणून अवस्था ओळखणे आणि ती बदलली तर वेळीच कळणे, हे देखरेखीचे प्रयोजन आहे.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. आज एक चाचणी केली व ती समाधानकारक आली, एवढ्यावरून पुढील पाच वर्षांविषयी काहीच सांगता येत नाही. या व्याधीत एका मापनापेक्षा मापनांची मालिका अधिक बोलते. साधनांची उणीव असलेल्या तालुक्याच्या दृष्टीने ही आशादायक बाब आहे, कारण मालिका तयार करण्यास महागड्या यंत्रापेक्षा नियमितपणा अधिक लागतो.

कोणती चाचणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते

वैद्यास मुख्यतः तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. विषाणू आहे काय व किती आहे, यकृताचा दाह चालू आहे काय, आणि आजवर यकृताची हानी किती झाली आहे.

पृष्ठप्रतिजनाची पट्टीवरील चाचणी पहिल्या प्रश्नाचा केवळ पूर्वार्ध सोडविते. ती स्वस्त आहे, थोड्याच वेळात होते व तिला यंत्र लागत नाही. परंतु ती ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. पट्टीवरील रेघ ठळक आली म्हणून व्याधी तीव्र, अथवा फिकट आली म्हणून सौम्य, असा अर्थ काढणे चुकीचे होय. संसर्ग दीर्घकालीन असल्याचे एकदा निश्चित झाल्यावर ही चाचणी दर भेटीस करण्याने ज्ञानात भर पडत नाही. वर्षातून एकदा ती पुरे. त्याऐवजी तोच खर्च पुढील दोन चाचण्यांवर करणे अधिक हितावह ठरते.

दाहाचे निदर्शक म्हणजे एएलटी हे विकर. बऱ्याच चिठ्ठ्यांवर ते अद्यापि एसजीपीटी या जुन्या नावाने छापलेले असते. यकृतपेशी फुटल्या की ते रक्तात उतरते. येथे एका बारकाव्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. अनेक प्रयोगशाळा ४० किंवा त्याहून अधिक एककांपर्यंतचे मान प्राकृत समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र या व्याधीच्या संदर्भात पुरुषांसाठी ३० व स्त्रियांसाठी १९ ही वरची मर्यादा धरली आहे. यास्तव ३४ एकके एएलटी असलेल्या स्त्रीच्या चिठ्ठीवर ‘प्राकृत’ असा शेरा असला, तरी तिचे यकृत शांत आहे असे गृहीत धरता येत नाही.

‘एचबीईएजी’ अथवा ई-प्रतिजन ही विषाणूच्या वाढीची अप्रत्यक्ष खूण होय. तो रक्तात असेल तर विषाणू जोमाने वाढत आहे असे समजावे. तो नसेल तर मात्र निश्चिंत होऊ नये. भारतात विषाणूचे ‘डी’ व ‘ए’ हे जनुकप्रकार प्रामुख्याने आढळतात, आणि विशेषतः ‘डी’ प्रकारात असे उत्परिवर्तन होते की विषाणू ई-प्रतिजन निर्माण न करताही वाढत राहतो.

एप्री निर्देशांक

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. यकृतात तंतू किती वाढले हे पाहण्याचा जुना मार्ग म्हणजे सुईने यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. अलीकडे यकृताचा ताठपणा ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोजणारे फायब्रोस्कॅन नावाचे यंत्र आले आहे. तालुक्याच्या ठिकाणी या दोहोंपैकी एकाचीही अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. परंतु २००३ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी, मूलतः हेपॅटायटिस-सी च्या रुग्णांकरिता, एक सोपे गणित सुचविले. त्यास एप्री निर्देशांक म्हणतात. त्याला केवळ दोन आकडे लागतात. एक म्हणजे एएसटी, ज्यास एसजीओटी असेही म्हणतात, आणि दुसरा रक्तातील प्लेटलेटांची संख्या.

यामागील तत्त्व असे. यकृत कठीण होऊ लागले की आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या रक्तास अडथळा होतो. त्या दाबाने प्लीहा फुगते व प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात, त्यामुळे रक्तातील त्यांची संख्या घटते. त्याच वेळी पेशींच्या नाशामुळे एएसटी वाढते. एक आकडा चढतो, दुसरा उतरतो. त्यांचे गुणोत्तर घेतले की बदल अधिक ठळक होतो.

गणिताची रीत अशी : रुग्णाच्या एएसटीला प्रयोगशाळेने दिलेल्या एएसटीच्या वरच्या मर्यादेने भागावे, येणाऱ्या संख्येस १०० ने गुणावे, आणि त्या गुणाकारास प्लेटलेटांच्या संख्येने, ती हजारांत मांडून, भागावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याची पहिल्या वर्षीची एएसटी ३६, प्रयोगशाळेची मर्यादा ४० आणि प्लेटलेट प्रति घन मिलिमीटर २,४०,००० आहेत. निर्देशांक ०.३८ येतो. तीन वर्षांनी एएसटी ४४ व प्लेटलेट २,००,००० झाल्या, निर्देशांक ०.५५ झाला. आणखी दोन वर्षांनी एएसटी ५० व प्लेटलेट १,६०,०००, निर्देशांक ०.७८. या पाच वर्षांतील कोणतीही एक चिठ्ठी सुटी पाहिली तर तीत भयसूचक असे काही दिसत नाही. प्लेटलेटांची संख्या तिन्ही वेळा प्राकृत मर्यादेतच आहे. परंतु तिन्ही चिठ्ठ्या एका ओळीत मांडल्या की यकृताची वाटचाल कोणत्या दिशेने चालली आहे हे उघड होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली या व्याधीसंबंधी पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा सिऱ्होसिस ओळखण्यासाठी निर्देशांक २ च्या वर असावा असे म्हटले होते. या कसोटीवर पुष्कळ रुग्ण निसटत असत. मार्च २०२४ च्या सुधारित तत्त्वांत ही मर्यादा १ वर आणली गेली, आणि निर्देशांक ०.५ च्या वर असल्यास प्रौढ रुग्णास औषध सुरू करावे असे सुचविण्यात आले. याच तत्त्वांत आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे. विषाणूची संख्या मोजण्याची सोयच नसेल, तर सहा ते बारा महिन्यांच्या काळात दोन वेळा एएलटी मर्यादेपेक्षा अधिक आढळणे हेही उपचाराचे पुरेसे कारण मानले आहे. तात्पर्य, मोठी प्रयोगशाळा नाही म्हणून रुग्णाने औषधावाचून थांबावे, अशी स्थिती आता शास्त्राच्या दृष्टीनेही राहिलेली नाही.

आकडा फसवितो तेव्हा

निर्देशांक सोपा आहे, म्हणूनच तो डोळे झाकून वापरण्याचा मोह होतो. चंदगडसारख्या प्रदेशात तीन गोष्टी विशेष ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट ज्वरांची. डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस व हिवताप यांत प्लेटलेट झपाट्याने घसरतात व यकृतविकरे वाढतात. याखेरीज या पट्ट्यात माकडतापाचाही विचार करावा लागतो. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर अरण्यात प्रथम ओळखला गेलेला हा गोचिडवाहित ज्वर २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ साली चंदगडला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात आढळला. काजूचा हंगाम आणि या ज्वराचा हंगाम बहुतांशी एकच, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंतचा. समजा, काजूच्या बागेतून ताप घेऊन आलेल्या रुग्णाची एएसटी १२० व प्लेटलेट ८०,००० भरल्या, तर निर्देशांक ३.७५ येईल आणि कागदावर त्यास सिऱ्होसिस ठरेल. ताप उतरून काही आठवडे गेल्यावर तेच मापन घेतले तर आकडे पूर्ववत झालेले दिसतील. म्हणून तापात किंवा तापानंतर लगेच घेतलेल्या रक्तावरून हा निर्देशांक काढू नये. तापाच्या उपचारास मात्र त्यासाठी क्षणभरही थांबू नये.

दुसरी गोष्ट श्रमाची व मद्याची. एएसटी हे विकर यकृताप्रमाणे स्नायूंतही असते. भाताची लावणी, ऊसतोड, अथवा तालमीतील कसून केलेली मेहनत यांनंतर ते काही दिवस वाढलेले राहू शकते. मद्यपानानेही ते वाढते. आणि हेपॅटायटिस-बी च्या रुग्णास मद्य तर दुहेरी अपायकारक आहे. रक्त देण्यापूर्वी काही दिवस जड काम टाळावे आणि मद्यपानाची माहिती वैद्यापासून लपवू नये, हे रुग्णास आधीच सांगून ठेवावे.

तिसरी गोष्ट नमुन्याच्या हाताळणीची. रक्ताची नळी खाचखळग्यांच्या रस्त्यावरून, उन्हात, रक्तरस वेगळा न करता नेली तर तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यातील एएसटी रक्तरसात मिसळते व आकडा खोटा वाढतो. प्लेटलेटांच्या बाबतीत याउलट दोष संभवतो. गोठणविरोधी द्रव्य असलेल्या नळीत काही व्यक्तींच्या प्लेटलेट एकमेकींस चिकटून पुंजके करतात व यंत्र त्यांची संख्या कमी मोजते. संख्या अनपेक्षितपणे कमी आली तर काचपट्टीवर रक्ताचा लेप पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. हे काम तालुक्याच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञास सहज करता येते, आणि पाच मिनिटांच्या त्या तपासणीने एका रुग्णाची अकारण कोल्हापूर-फेरी वाचू शकते.

रुग्णाऐवजी नमुन्याचा प्रवास

विषाणूच्या जनुकद्रव्याचे मापन, म्हणजे डीएनए चाचणी, ही सर्वांत निश्चयात्मक परीक्षा होय. प्रति मिलिलिटर २,००० आंतरराष्ट्रीय एककांहून अधिक विषाणू व वाढलेली एएलटी असा संयोग २०२४ च्या तत्त्वांनुसार उपचारास पात्र ठरतो. ही चाचणी मोठ्या प्रयोगशाळेतच होते असा समज आहे व तो आजवर बराचसा खरा होता. परंतु त्यासाठी रुग्णाने स्वतः जाण्याची आवश्यकता नाही. रक्तरस वेळीच वेगळा करून थंड पेटीत ठेवला तर नमुना दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत सुरक्षित जाऊ शकतो. एका शेतमजुरास जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन येण्यास दिवसाची मजुरी व प्रवासखर्च पडतो. आणि चिठ्ठी आणण्यासाठी पुन्हा तितकाच. एका पेटीतून वीस नमुने पाठविण्यास मात्र एकच फेरी पुरते. नीट रक्त काढणे व रक्तरस वेगळा करणे जेथे शक्य नाही, तेथे विशिष्ट कागदावर रक्ताचे थेंब वाळवून पाठविण्याची रीतही मान्य झाली आहे. तिची सूक्ष्मता कमी असल्याने विषाणू अल्प असतील तर ते निसटण्याचा संभव असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरी दिशा म्हणजे यंत्रच लहान करून नमुन्याजवळ आणणे. क्षयरोगाच्या निदानासाठी देशभर पोहोचलेले ट्रूनॅट हे विजेरीवर चालू शकणारे छोटे उपकरण गोव्यातील मोलबायो या कंपनीने तयार केले आहे, आणि त्यावर हेपॅटायटिस-बी च्या मापनाचीही चिप उपलब्ध आहे. जेथे क्षयरोगासाठी असे उपकरण आधीच आलेले आहे, तेथे ते दोन्ही कामांस जुंपणे हा शहाणपणाचा मार्ग ठरेल.

जेथे यांपैकी काहीच शक्य नाही तेथे काय करावे, याचाही अभ्यास झाला आहे. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशात झालेल्या संशोधनातून २०१८ साली केवळ ई-प्रतिजन व एएलटी यांवरून गुण देऊन उपचाराची गरज ठरविणारी पद्धत पुढे आली. अशी पद्धत दुसऱ्या देशात जशीच्या तशी उचलण्यापूर्वी पडताळून पाहावी लागते. परंतु अल्प साधनांतूनही शिस्तबद्ध निर्णय घेता येतो, एवढे तिने निश्चित दाखविले.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की त्यांच्यापुढे सारे आकडे गौण होत. पोटात पाणी होणे, पायांस सूज येणे, रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा मल, डोळे पिवळे होणे, किंवा बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात हलवावे. सिऱ्होसिस असलेल्या रुग्णास विषाणूची संख्या कितीही असली तरी औषध द्यावयाचे असते.

औषध सुरू झाल्यावर

टेनोफोव्हिर व एन्टेकॅव्हिर ही आजची दोन प्रमुख औषधे. दोन्ही दिवसातून एकदा तोंडावाटे घ्यावयाची आहेत. २८ जुलै २०१८ रोजी, म्हणजे ब्लुमबर्ग यांच्या जन्मदिनी पाळल्या जाणाऱ्या जागतिक हेपॅटायटिस दिनी, भारतात राष्ट्रीय विषाणुजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, व त्याच्या उपचारकेंद्रांतून औषधे विनामूल्य देण्याची योजना झाली.

औषधापूर्वी एचआयव्हीची चाचणी अवश्य करावी. टेनोफोव्हिर हे त्या व्याधीवरीलही औषध असल्याने, दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णास ते एकटे दिले गेल्यास एचआयव्ही विषाणू त्यास दाद देईनासा होण्याचा धोका असतो. टेनोफोव्हिरमुळे क्वचित मूत्रपिंडावर परिणाम होतो, म्हणून आरंभी व नंतर वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासावे. मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्यांत ते अधिक वेळा तपासावे. ही चाचणी साधी असून तिला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

तथापि उपचारातील सर्वांत मोठा धोका प्रयोगशाळेबाहेर आहे. प्रकृती ठीक वाटते म्हणून, गोळ्या संपल्या म्हणून, किंवा कामासाठी परगावी गेल्यामुळे औषध एकाएकी थांबते. अशा वेळी दबलेला विषाणू उसळून यकृताचा तीव्र दाह होऊ शकतो, आणि यकृत आधीच दुबळे असेल तर तो प्राणावर बेततो. म्हणून हंगामी कामासाठी तालुक्याबाहेर जाणाऱ्या रुग्णास निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या मिळाव्यात व जेथे तो जात असेल तेथील केंद्राची माहिती द्यावी, याची व्यवस्था करणे हेही देखरेखीचेच अंग मानले पाहिजे.

सिऱ्होसिस झालेल्या, तसेच घराण्यात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्या रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व अल्फाफीटोप्रोटीन ही रक्तचाचणी करावी. औषधाने कर्करोगाचा धोका कमी होतो, परंतु नाहीसा होत नाही.

माता, बालक आणि घरचे लोक

एका रुग्णाची नोंद झाली की त्याच्या घरातील सर्वांची एकदा पृष्ठप्रतिजन चाचणी करावी, व ज्यांना संसर्ग नाही आणि पूर्वी लसही मिळालेली नाही त्यांस लस द्यावी. भारतात ही लस २०११ मध्ये देशभरच्या बाललसीकरणात समाविष्ट झाली. अर्थात त्यापूर्वी जन्मलेले बहुसंख्य प्रौढ लसीच्या संरक्षणाबाहेर आहेत.

गर्भवतीची चाचणी हे तर प्रतिबंधाचे प्रवेशद्वार होय. तिला संसर्ग असेल तर बालकास जन्मानंतर २४ तासांच्या आत लस मिळालीच पाहिजे. पुढील मात्रा सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत द्यावयाच्या. शक्य तेथे जन्मतःच प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात. मातेच्या रक्तात विषाणू फार असल्यास गर्भारपणाच्या उत्तरार्धात तिला टेनोफोव्हिर दिल्याने बालकास होणारा संसर्ग पुष्कळच टळतो. विषाणूची संख्या किंवा ई-प्रतिजन तपासण्याची सोय नसेल तर पृष्ठप्रतिजन असलेल्या सर्वच गर्भवतींस ते देता येईल, अशी २०२४ च्या तत्त्वांची भूमिका आहे.

हा विषाणू एका ताटात जेवल्याने, पाण्यातून किंवा स्पर्शाने पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, मातेकडून अर्भकाकडे आणि निर्जंतुक न केलेल्या सुईतून पसरतो. २००९ साली गुजरातेतील मोडासा येथे अनेकांचा बळी घेणाऱ्या साथीचा संबंध वापरलेल्या सुया पुन्हा वापरण्याशी जोडला गेला होता. हे समजावून सांगितले नाही तर चिठ्ठीवरील एका शब्दापायी नववधूस माहेरी धाडण्याचे किंवा तरुणाची सोयरीक मोडण्याचे प्रसंग येतात, आणि मग लोक चाचणीच टाळू लागतात. गुप्तता न राखणारी देखरेख फार काळ टिकत नाही.

नोंदवही

वरील विवेचनातून एक लहानशी योजना आकारास येते. तालुक्याच्या पातळीवर एएलटी, एएसटी, रक्तकणांची मोजणी व क्रिएटिनिन एवढ्या चाचण्या नियमाने व्हाव्यात. ई-प्रतिजन व डीएनए यांसाठी नमुना प्रवास करावा. आणि सिऱ्होसिसची शंका, धोक्याचे लक्षण किंवा कर्करोगाची तपासणी एवढ्यासाठीच रुग्णाने स्वतः दूर जावे. शांत अवस्थेतील रुग्णास वर्षातून किमान एक भेट, आणि आकडे सीमारेषेवर असतील तेव्हा तीन ते सहा महिन्यांनी एक, हा क्रम पुरेसा आहे.

परंतु हे सारे एकत्र बांधणारा धागा म्हणजे नोंद होय. चंदगडचा रुग्ण एका वर्षी बेळगावात रक्त तपासतो, दुसऱ्या वर्षी गडहिंग्लजला, तिसऱ्या वर्षी गोव्यात. प्रत्येक प्रयोगशाळेची प्राकृत मर्यादा निराळी, दोन राज्यांची कार्यालये निराळी, आणि चिठ्ठ्या घराच्या फळीवर किंवा पावसात भिजलेल्या पिशवीत. यंत्रे कितीही चांगली असली तरी अशा विखुरलेल्या आकड्यांतून मालिका उभी राहत नाही. यास्तव नोंदवही रुग्णाच्या हाती असावी व तिची प्रत केंद्रात राहावी. तीत तारीख, एएलटी, एएसटी, प्रयोगशाळेने दिलेली एएसटीची मर्यादा, प्लेटलेट, निर्देशांक, वजन, औषधाच्या चुकलेल्या मात्रा आणि गेल्या महिन्यात ताप आला होता काय, एवढेच रकाने असावेत. सीमेच्या अलीकडील असो वा पलीकडील, कोणत्याही वैद्याने ती उघडली तर पाच वर्षांचा इतिहास एका दृष्टिक्षेपात दिसावा.

अशी वही भरण्यास प्रतिभेची गरज नाही, सातत्याची आहे. वर्षाकाठी एकदा गावातील आशा सेविकेने रुग्णास भेटीची आठवण करून देणे, तंत्रज्ञाने नमुना जपून पाठविणे, वैद्याने मागील ओळ पाहून मग नवी ओळ लिहिणे, आणि रुग्णाने बरे वाटत असतानाही त्या दिवशी येणे, या चार साध्या कृती जेथे घडतात तेथे ही मूक व्याधी अखेरच्या टप्प्यापूर्वीच उघडकीस येते, आणि त्या वेळी तिला आवर घालणारी गोळीही उपलब्ध असते.